बाजारहाट करताना रोगजंतूंपासून कसे जपावे : पिशवी उचलल्यापासून माळवं धुऊन ठेवेपर्यंत

२०२० साली आपण सर्वांनीच दुधाची पिशवी साबणाच्या पाण्याने धुतली, किराण्याचे पुडे दोन-दोन दिवस ओसरीवर ठेवले आणि टोमॅटोसुद्धा सोड्याच्या पाण्यात बुडवले. त्या वेळी माहिती थोडी होती आणि भीती मोठी होती, म्हणून त्याबद्दल कुणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने स्पष्ट केले, की दूषित वस्तूला एकदा हात लागल्याने करोनाची लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी असते. तरीही बाजारातून आजार घरी येत नाहीत, असा याचा अर्थ होत नाही. विषमज्वर, कावीळ, हगवण, उलट्या-जुलाब हे आजार बाजारातूनही येतात, मात्र ते बिस्किटाच्या पुड्यावर बसून येत नाहीत. ते येतात न धुतलेल्या हाताने तोंडात टाकलेल्या घासातून, भाजीवर शिंपडलेल्या घाण पाण्यातून, कच्च्या खाल्लेल्या पालेभाजीतून आणि उन्हात तासन्‌तास राहिलेल्या दूध-मांसातून.

हा फरक मराठवाड्यात फार महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे पाणी मोजून वापरावे लागते. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागातल्या गृहिणीला ‘सगळे भरपूर पाण्याने धुऊन घ्या’ असे सांगणे म्हणजे काहीच न सांगण्यासारखे आहे. म्हणून या लेखात काय धुवावे याइतकेच काय धुण्याची गरज नाही, हेही सांगितले आहे. हंडाभर पाणी असेल तर ते साखरेच्या पुड्यावर घालवू नये. ते हातांसाठी आणि कच्च्या खायच्या भाजीसाठी राखून ठेवावे.

घरातून निघण्यापूर्वी

यादी लिहून घ्यावी. यादी हातात असली की बाजारातला वेळ कमी होतो, गर्दीत कमी थांबावे लागते आणि दहा वस्तू हाताळून परत ठेवणेही कमी होते. शक्य असेल तर सकाळी लवकर जावे. आठवडी बाजारात सकाळचे माळवं त्याच पहाटे तोडलेले असते, त्यावर पाण्याचे हबके कमी वेळा मारलेले असतात आणि माणसांची दाटीही कमी असते. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा सकाळी जाणे ही केवळ सोय राहत नाही. नाशवंत माल टिकवण्याचा तो मुख्य उपाय ठरतो.

महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि कापडी पिशव्या पुन्हा घरोघरी आल्या आहेत, ही चांगली गोष्ट झाली. मात्र कापडी पिशवी धुतली नाही तर मागच्या आठवड्यात चिकनच्या पुडक्यातून झिरपलेले पाणी या आठवड्यातल्या कोथिंबिरीला लागते. म्हणून निदान तीन पिशव्या वेगळ्या ठेवाव्यात : एक भाजी-फळांची, एक किराण्याची आणि तिसरी मांस-मासे-अंड्यांची. तिसऱ्या पिशवीला निराळ्या रंगाच्या दोऱ्याने खूण करावी, म्हणजे घरातले कोणीही गेले तरी घोटाळा होत नाही. मटण-चिकनसाठी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा नेण्याची आपल्याकडची जुनी पद्धत सर्वांत उत्तम आहे, कारण डब्यातून काही झिरपत नाही आणि घरी आल्यावर तो उकळत्या पाण्याने धुता येतो.

सोबत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली आणि साबणाची लहान वडी ठेवावी. दुसऱ्याने बारीक धार धरली तर अर्ध्या लिटरमध्ये एका माणसाचे हात नीट धुऊन होतात. हात चोळण्याचा वेळ किमान २० सेकंद असावा आणि बोटांच्या बेचक्यांकडे, अंगठ्याकडे व नखांकडे लक्ष द्यावे. सॅनिटायझर नेणार असाल तर त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल असल्याचे बाटलीवर पाहून घ्यावे. मात्र माती लागलेल्या किंवा तेलकट हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही आणि उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवरही त्याचा प्रभाव कमी असतो. बटाटे-कांदे निवडलेल्या हातांना साबण आणि पाणीच हवे.

घरात कोणाला ताप-खोकला असेल तर त्याने बाजारात जाऊ नये. वयस्कर माणसे, गरोदर बाया आणि साखरेचा आजार असलेले यांनी गर्दीच्या वेळी जाणे टाळावे आणि जावेच लागले तर नाकावर नीट बसणारा मास्क लावावा. खोकल्याने पसरणाऱ्या आजारांच्या बाबतीत वस्तूंपेक्षा जवळ उभ्या असलेल्या माणसांचा श्वास अधिक महत्त्वाचा असतो, म्हणून बंदिस्त दुकानातल्या रांगेत मास्कचा जितका उपयोग होतो तितका उघड्या मैदानावरच्या बाजारात होत नाही.

बाजारात : हात, नोटा आणि तोंड

एकदा एखाद्या भाजीच्या पालासमोर पाच मिनिटे उभे राहून नुसते हातांकडे पाहावे. विक्रेता तराजूत वांगी टाकतो, गिऱ्हाइकाने दिलेली नोट घेतो, सुटे देण्यासाठी नोटांची गड्डी काढतो, बोट जिभेला लावून नोटा मोजतो आणि त्याच बोटांनी पुढच्या गिऱ्हाइकाची कोथिंबिरीची जुडी उचलतो. गिऱ्हाईकही तेच करते. चिकटलेली पिशवी उघडण्यासाठी बोट ओले करते, नाही तर पिशवीत फुंकर मारते. यात कोणी मुद्दाम काही वाईट करत नाही, ही सवय आपल्या सर्वांच्या हाताला लागलेली आहे. पण जंतूंच्या दृष्टीने बाजारातला सगळ्यांत सरळ रस्ता हाच आहे, कारण इथे हात थेट तोंडाला लागतो. बाजारात पाऊल ठेवल्यापासून हात धुऊन होईपर्यंत बोट तोंडाला, नाकाला आणि डोळ्यांना लावायचे नाही, हा एकच नियम पाळला तरी निम्म्याहून अधिक काळजी घेतली गेली, असे माझे मत आहे.

पैसे मोबाइलवरून देता आले तर नोटांची हाताळणी टळते. तसे शक्य नसेल तर सुटे पैसे वेगळ्या खिशात ठेवावेत आणि नोटा मोजताना जिभेऐवजी ओल्या रुमालाचे टोक वापरावे.

दुसरी सवय चाखून पाहण्याची. द्राक्षे गोड आहेत का, बोरे आंबट आहेत का, काकडी कडू तर नाही ना, हे पाहण्यासाठी आपण न धुतलेले फळ तोंडात टाकतो आणि कडेवरच्या लेकराला गाजर देऊन गप्प करतो. हिवाळ्यात हरभऱ्याचे डहाळे घेतले की चालता चालता घाटे सोलून खाणे तर ठरलेलेच असते. घाट्याच्या आतला दाणा स्वच्छ असतो, पण सोलणारी बोटे स्वच्छ नसतात. डहाळे खायचा मोह आवरत नसेल तर बाटलीतल्या पाण्याने आधी हात धुवावेत आणि मग खुशाल खावेत. द्राक्षांसाठी मात्र एवढे पुरत नाही, कारण तिथे सालच खाल्ली जाते. ती घरी धुऊनच खावीत.

कापलेली फळे, उघड्यावरचा उसाचा रस आणि बर्फ यांच्याबाबत मी कोणतीही सवलत देणार नाही. कलिंगड अखंड असेपर्यंत त्याचा गर सुरक्षित असतो. सुरी फिरते तेव्हा सालीवरची माती आणि जंतू गरात उतरतात आणि गोड, ओल्या, कोमट गरात ते झपाट्याने वाढतात. आमच्या घरी एका मे महिन्यात धाकट्या भावाला विषमज्वर झाला होता. हा आजार जंतू पोटात गेल्यानंतर साधारणपणे एक ते दोन आठवड्यांनी दिसतो, त्यामुळे नेमके काय बाधले हे सांगता येत नाही, पण त्या काळात त्याने बाजाराच्या दिवशी बसस्थानकाबाहेर कापलेले कलिंगड दोनदा खाल्ले होते. तेव्हापासून आमच्याकडे कलिंगड अखंडच येते आणि ते सालीवरून धुतल्याशिवाय त्याला सुरी लागत नाही. बर्फाच्या बाबतीत एक गोष्ट सर्वांना माहीत असावी : खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. निळसर बर्फ मासे किंवा माल गार ठेवण्यासाठी असतो. तो पेयात घातलेला दिसला तर ते पेय घेऊ नये आणि विक्रेत्याला कारणही सांगावे.

माळवं निवडताना

पालेभाजी ताजी दिसावी म्हणून विक्रेते तिच्यावर सतत पाणी मारतात. ते पाणी कोणत्या बादलीतले आहे, हे पाहणे म्हणजे भाजी पाहण्याइतकेच महत्त्वाचे आहे. बादलीत विक्रेत्याने हात धुतलेले असतील, तळाशी गाळ असेल किंवा पाणी जवळच्या ओढ्याचे असेल तर ती टवटवी आपल्या उपयोगाची नाही. थोडी सुकलेली, पण कोरडी जुडी मी नेहमी अधिक पसंत करते, कारण ती घरी स्वच्छ पाण्यात ठेवली की पुन्हा ताठ होते. शहराच्या कडेला सांडपाण्यावर पिकवलेल्या भाजीचा प्रश्नही खरा आहे. भाजी कुठल्या गावची, विहिरीवरची का नाल्यावरची, असे सरळ विचारावे. बहुतेक शेतकरी आपल्या मळ्याचे नाव अभिमानाने सांगतात आणि दोन-चार बाजारांत आपले खात्रीचे विक्रेते ठरून जातात.

जमिनीवर पसरलेल्या पोत्यापेक्षा हातगाड्यावरचा किंवा टोपल्यातला माल बरा. गटाराच्या काठावर, रस्त्याच्या अगदी कडेला आणि माश्या घोंघावणाऱ्या ठिकाणी मांडलेला माल टाळावा, विशेषतः पावसाळ्यात. फुटलेले टोमॅटो, चिरलेली काकडी, दबलेली वाळकं स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नयेत, कारण साल फाटली की जंतूंना आत जायला वाट मिळते. शिजवून लगेच संपवायचे असतील तर गोष्ट वेगळी. मोड आलेली मटकी-मूग बाजारातून घेण्यापेक्षा घरी मोड आणावेत. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते, त्यामुळे मोडाची कडधान्ये कच्ची न खाता उसळ करून खाणे केव्हाही चांगले.

खरेदीचा क्रम

बहुतेक जण वाटेत जे आधी लागेल ते आधी घेतात. लातूरच्या गंजगोलाईसारख्या ठिकाणी, जिथे सोळा रस्ते येऊन मिळतात, तिथे तर पाय नेतील तिकडे खरेदी होते. पण क्रमाला फार महत्त्व आहे. आधी किराणा, मग कांदे-बटाटे, त्यानंतर फळे व पालेभाज्या आणि अगदी शेवटी दूध, पनीर, खवा, अंडी, मांस, मासे असा क्रम ठेवावा.

याचे कारण असे, की अन्नातले जंतू ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात वाढतात. अनुकूल स्थितीत काही जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. या वेगाने एका जंतूचे ७ तासांत २० लाखांहून अधिक जंतू होतात. म्हणून नाशवंत पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू नयेत असे सांगितले जाते आणि हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर ही मर्यादा एकच तास धरतात. आपल्याकडे मार्च ते जून ही एका तासाचीच मर्यादा धरून चालावे. तालुक्याच्या गावाहून मटण घेऊन एस.टी.ची वाट पाहत दीड तास थांबणे म्हणजे ही मर्यादा तिथेच ओलांडणे होय. अशा वेळी गावातच ताजे मिळेल तेवढे घ्यावे.

मांस, मासे, अंडी

चिकन डोळ्यांसमोर कापून घ्यावे आणि ओटा व सुरी धुऊन घ्यायला सांगावे. दुकानदाराने कच्च्या मांसाच्या हातानेच नोटा घेतल्या, तर ती सुटी नोट हातात घेतल्यानंतर आपले हात लगेच धुवावेत. नाथसागरातले किंवा जवळच्या तलावातले रोहू, कटला, मरळ घेताना कल्ले लाल, डोळे फुगीर व चमकदार आणि मांस दाबल्यावर परत वर येणारे असावे. वास आंबूस येत असेल तर भाव कितीही कमी असला तरी घेऊ नये.

घरी आल्यावर चिकन नळाखाली धुण्याची सवय सोडावी, हे सांगितले की अनेकांना पटत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. धुतल्याने ते मरत नाहीत, उलट पाण्याच्या बारीक शिंतोड्यांबरोबर ते बेसिनवर, ओट्यावर, जवळ ठेवलेल्या कोशिंबिरीच्या वाटीवर जाऊन बसतात. ते मरतात शिजण्याने. तुकड्याच्या आत ७४ अंश तापमान पोहोचले की चिकन सुरक्षित होते. घरी तापमापी नसतो, म्हणून हाडाजवळचा भाग गुलाबी नसावा आणि सुरी टोचल्यावर निघणारा रस स्वच्छ असावा, ही खूण धरावी. रक्त किंवा हाडाची कीस दिसत असेल आणि धुतल्याशिवाय राहवत नसेल, तर पातेल्यातल्या साठलेल्या पाण्यात हलक्या हाताने धुवावे, वाहत्या धारेखाली नको, आणि नंतर ते पातेले, बेसिन व हात साबणाने स्वच्छ करावेत.

अंडी आणल्याबरोबर धुऊ नयेत. कवचावर एक नैसर्गिक थर असतो, धुतल्याने तो जातो आणि जंतूंना आत शिरायला सोपे होते. तडकलेली अंडी घेऊ नयेत. विष्ठा लागलेले अंडे फोडण्याच्या वेळीच धुवावे आणि अंडी हाताळल्यावर हात धुवावेत.

दूध आणि खवा

पिशवीतले दूध पाश्चरीकरण केलेले असते, म्हणजे साधारणपणे ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड केलेले असते. रतिबाचे सुटे दूध तसे नसते. ते आल्याबरोबर उकळलेच पाहिजे, कारण कच्च्या दुधातून ब्रुसेला या जंतूचा दीर्घकाळ ताप आणणारा आजारही होऊ शकतो. दुधाच्या पिशव्या पहाटे रस्त्याच्या कडेला क्रेटमध्ये पडून असतात, म्हणून पिशवीचे कापायचे टोक आधी पाण्याने धुवावे आणि कात्रीने कापावे. दाताने टोक फाडण्याची सवय मुलांना मुळीच लागू देऊ नये.

धाराशिव जिल्ह्यातला कुंथलगिरीचा परिसर खव्या-पेढ्यासाठी प्रसिद्ध आहे आणि लग्नसराईत सगळीकडेच खव्याची खरेदी होते. खवा ओलसर असतो आणि उन्हाळ्यात लवकर बिघडतो. तो त्याच दिवशी केलेला आहे याची खात्री करावी, घरी आणल्यावर मंद आचेवर नीट परतून घ्यावा आणि गार झाल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवावा.

किराणा

इथे फार काळजीचे कारण नाही. डाळ-तांदूळ कोरडे असतात, धुऊन शिजवले जातात. उंदरांच्या लेंड्या किंवा कुरतडल्याच्या खुणा असलेली पोती ज्या दुकानात दिसतील तिथला सुटा माल घेऊ नये, फुगलेले डबे घेऊ नयेत आणि पाकिटावरची तारीख व अन्नसुरक्षेचा १४ अंकी परवाना क्रमांक पाहावा. पावसाळ्यात शेंगदाणे आणि लाल मिरची घेताना बुरशीचा वास किंवा हिरवट-काळे डाग दिसले तर माल सोडून द्यावा, कारण त्या बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन भाजल्यानेही पूर्ण नष्ट होत नाही. भजी-जिलेबी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून घेऊ नये. त्या कागदाची शाई आणि त्यावरची घाण दोन्ही अन्नाला लागतात.

घरी आल्यावर

पिशव्या ओट्यावर ठेवू नयेत, जमिनीवर किंवा ठरलेल्या पाटावर ठेवाव्यात, आणि त्यानंतरचे पहिले काम हात धुणे हेच असावे. नंतर मांस, दूध, पनीर फ्रीजमध्ये जावे. मांसाचा डबा सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावा, म्हणजे त्यातले काही गळले तरी खाली दुसरे अन्न नसते. फ्रीजचे तापमान ५ अंशांपेक्षा कमी असावे. भारनियमनात फ्रीज उघडू नये. बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी मांस आणि पनीर जेवढे त्या जेवणात संपेल तेवढेच आणावे.

बिस्किटांचे पुडे, तेलाच्या पिशव्या, साबणाच्या वड्या यांना पाणी लावण्याची काहीच गरज नाही. ते कपाटात लावावेत आणि लावून झाल्यावर पुन्हा एकदा हात धुवावेत.

थोड्या पाण्यात भाजी धुण्याची रीत

हा या लेखाचा गाभा आहे. पालेभाजी धुताना आपण बहुधा संपूर्ण जुडी चाळणीत धरून वरून तांब्याभर पाणी ओततो. त्याने वरची पाने ओली होतात आणि बुडख्यातली माती आत तशीच राहते. त्याऐवजी आधी जुडी सोडावी, बुडखे कापावेत, पिवळी व सडकी पाने काढावीत आणि मगच पाणी घ्यावे.

तीन भांडी मांडावीत. पहिली मोठी परात, दुसरे पातेले, तिसरे आणखी एक पातेले. पहिल्या दोन भांड्यांत वापरायचे स्वच्छ पाणी चालेल. तिसऱ्यातले पाणी मात्र पिण्यायोग्यच असले पाहिजे, म्हणजे उकळून गार केलेले, गाळण यंत्रातले किंवा क्लोरीनचे द्रावण बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे घालून अर्धा तास ठेवलेले. शेवटच्या धुण्याचे पाणीच दूषित असेल तर धुतलेली भाजी न धुतलेल्या भाजीहून अधिक घातक ठरू शकते. टँकरचे किंवा बोअरचे पाणी जसेच्या तसे शेवटच्या पातेल्यात घेऊ नये.

पाने पहिल्या परातीत सोडून हाताने हळूहळू हलवावीत आणि दोन-तीन मिनिटे तशीच ठेवावीत. माती तळाशी बसते. आता पाने वरच्यावर उचलून दुसऱ्या पातेल्यात टाकावीत. परात वाकडी करून पाणी ओतू नये, तसे केले की बसलेला गाळ पुन्हा पानांवरून फिरतो. दुसऱ्यात पुन्हा हलवून तिसऱ्यात आणि तिसऱ्यातून स्वच्छ, कोरड्या फडक्यावर घ्यावीत. फडक्याने टिपल्यानेही जंतू आणखी कमी होतात. पुढची जुडी धुताना परातीतले गढूळ पाणी कुंडीला किंवा परसातल्या शेवग्याला घालावे, दुसऱ्या पातेल्यातले पाणी परातीत घ्यावे, तिसऱ्यातले दुसऱ्यात, आणि फक्त तिसऱ्यात नवे पाणी भरावे. अशा रीतीने प्रत्येक जुडीला एकच पातेले नवे पाणी लागते आणि तरी ती तीनदा धुतली जाते. धुण्याचा क्रमही ठरवून घ्यावा : आधी फळे, मग टोमॅटो-काकडी, नंतर पालेभाज्या आणि सर्वांत शेवटी माती लागलेले गाजर-मुळा-बटाटे.

भाकरीबरोबर कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळा, वाळूक खाण्याची आपल्याकडची पद्धत मला स्वतःला अतिशय प्रिय आहे आणि ती सोडावी असे मी सांगणार नाही. पण तीन भांड्यांची ही रीत याच भाज्यांसाठी काटेकोरपणे पाळायची आहे. शिजवायच्या भाजीवर राहिलेले जंतू कढईतल्या आचेने मरतात, कच्च्या भाजीला ती दुसरी संधी नसते. पावसाळ्यात गावात जुलाब-काविळीची साथ असेल, तेव्हा कच्ची पालेभाजी काही आठवडे बंद ठेवावी, कारण चांगले धुतल्यानेही सर्वच जंतू जातात असे नाही. लहान मुले, गरोदर बाया आणि म्हातारी माणसे यांच्या ताटात तर त्या काळात ती नकोच.

हरभऱ्याच्या कोवळ्या भाजीचा प्रश्न नेहमी विचारला जातो. तिच्यावरची आंब, म्हणजे पानांवरचा आंबट ओलावा, धुऊन जाते आणि चव उतरते, म्हणून आपल्या आया-आज्या ती धुवत नसत. ती डाळ-दाणे घालून चांगली शिजवायची असेल तर आंब राखण्यासाठी फक्त झटकून आणि निवडून घेतली तरी जंतूंच्या दृष्टीने चालण्यासारखे आहे, कारण ती उकळी फुटेपर्यंत शिजतेच. औषध फवारलेल्या शेतातली असेल तर मात्र धुवावीच लागते आणि कच्ची खुडून खायची असेल तर धुण्याला पर्याय नाही.

भाजी-फळांना साबण किंवा भांड्यांची पावडर लावू नये. साल व पाने ती शोषून घेतात आणि ती पोटात जाते. मीठ-हळदीच्या पाण्यात फ्लॉवर ठेवल्याने अळ्या बाहेर येतात, तेवढ्यासाठी ते जरूर करावे, पण त्याने रोगजंतू मरतात असे समजून पुढचे धुणे टाळू नये. कलिंगड, खरबूज, पपई, मोसंबी ही साल काढून खायची फळेही कापण्यापूर्वी चोळून धुवावीत. बीडच्या प्रसिद्ध सीताफळाच्या डोळ्यांच्या खाचांत धूळ बसलेली असते आणि आपण ते हातानेच फोडून त्याच बोटांनी गर काढतो, म्हणून ते खाण्याच्या वेळी जुन्या मऊ ब्रशने धुवावे. आधीच धुऊन ठेवले तर ते लवकर काळे पडून सडते. हेच बहुतेक भाज्यांना लागू आहे : ज्या दिवशी वापरायची त्या दिवशी धुवावी, आणि आधी धुतलीच तर पूर्ण कोरडी करून ठेवावी.

पिशव्या, सुरी, फडकी

मांसाची पिशवी प्रत्येक वेळी आणि भाजीची पिशवी आठवड्यातून एकदा साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावी. ऊन आपल्याकडे भरपूर आहे आणि वाळवण्याचे काम ते फुकट करते. मांस कापण्याची सुरी व पाट वेगळा नसेल तर आधी कोशिंबीर चिरून घ्यावी, मांस नंतर कापावे आणि लगेच पाट-सुरी साबणाने व गरम पाण्याने धुवावी. ओटा पुसण्याचे फडके रोज बदलावे, ओलेच गुंडाळून ठेवू नये.

इतके करूनही पोट बिघडले तर

जुलाब सुरू झाले की पहिले काम शरीरातले पाणी भरून काढण्याचे आहे. आशाताईंकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात क्षारसंजीवनीची पाकिटे मिळतात. ती हाताशी नसतील तर एक लिटर पिण्याच्या स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे. मीठ अंदाजाने जास्त घालू नये. लहान मुलांना अंगावरचे दूध चालूच ठेवावे आणि जस्ताच्या गोळ्यांबद्दल आशाताईंना विचारावे. शौचात रक्त पडणे, डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे, मूल मलूल पडणे किंवा ताप उतरत नसणे यांपैकी काही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखान्यात न्यावे. ज्याला जुलाब-उलट्या झाल्या आहेत त्याने त्या थांबल्यावर आणखी ४८ तास स्वयंपाक करू नये आणि बाजारात जाऊन माल हाताळू नये. घरात भाजी विकणारे कोणी असेल तर त्यानेही तेवढे दोन दिवस पाल दुसऱ्याच्या हाती सोपवावा.